सुरयांच्या आधी

ऑक्टोबर 2023. तुम्ही अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर, पुंता देल्गादाच्या किनाऱ्यावर उभे आहात. एरवी या दिवसांत इथे नुसता गोंगाट असतो: काही टन वजनाचे हत्ती-सील नर एकमेकांवर डरकाळतात, माद्या पिल्लांना पाजत पडलेल्या असतात. आज भरतीच्या रेषेवर मेलेल्या पिल्लांची रांग लागली आहे. जिवंत आहेत त्यांतली काही खोकतात, नाकं वाहतात, अंग थरथरतं. जवळ जाऊ नका, मास्क असला तरी. हंगाम संपेल तेव्हा 17 हजारांहून जास्त पिल्लं गेलेली असतील. जन्मलेल्या दर शंभरातली सुमारे 97.

वाळूत सुरय पक्षीही मरून पडलेत, म्हणून तुमचं बोट आभाळाकडे जातं. साहजिक आहे. पण जरा मागे चला.

2023च्या सुरुवातीचा पेरू. समुद्रसिंह किनाऱ्यावर येऊन आचके देताहेत, हजारोंनी. त्याआधी, 2022च्या अखेरीस, याच किनाऱ्यावर पेलिकन पटापट मेले होते. बर्ड फ्लूचा एच5एन1 विषाणू पक्ष्यांतून या प्राण्यांत उतरला तो या दक्षिण अमेरिकी किनाऱ्यावर. पुढे त्याला पंखांची गरज फारशी उरली नाही. त्याच्या पीबी2 जनुकात सस्तन प्राण्यांच्या पेशीत वाढायला सोयीचे बदल झाले, आणि तेच बदल पेरू, चिली, अर्जेंटिना अशा सगळीकडच्या सागरी सस्तन प्राण्यांत सापडले. म्हणजे तो त्यांच्यात आपापसात पसरत गेला, असंच दिसतं.

आणखी मागे. 2005, चीनमधलं छिंगहाय सरोवर. याच एच5एन1नं हजारो रानपक्षी मेलेत, त्यांत पट्टकादंब भरपूर. (हिवाळ्यात भिगवणला दुर्बीण लावून आपण हेच पक्षी बघतो. नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये हा रोग आला तो पुढच्याच वर्षी, 2006च्या फेब्रुवारीत.)

आता 1996, ग्वांगदोंग. समोर पाळीव हंस आहेत. आजच्या या सगळ्या विषाणूंचा पूर्वज इथल्याच एका हंसात पहिल्यांदा ओळखला गेला. रानबदकं सौम्य बर्ड फ्लू पोटात घेऊन हिंडतात, सहसा आजारीही न पडता. तो जहाल होतो पाळीव पक्ष्यांच्या दाटीत. रानपक्ष्यांनी तो समुद्रापार नेला हे खरं, पण हे ओझं त्यांच्या गळ्यात आपल्या पोल्ट्रीनं बांधलं.

पुढच्या वर्षी, हाँगकाँगमध्ये, 18 माणसांना त्याची लागण होईल आणि 6 दगावतील. तेव्हा सरकार शहरातल्या कोंबड्या मारायला घेईल, दहा लाखांहून जास्त.