घोटा मुरगळणे : रेंगाळलेली दुखापत

पाऊल आतल्या बाजूला वळून घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे अस्थिबंध ताणले किंवा फाटले, म्हणजे घोटा मुरगळतो. सौम्य मुरगळ १ ते ३ आठवड्यांत निवळते, मध्यम प्रकाराला ३ ते ६ आठवडे लागतात. अस्थिबंध पूर्ण तुटला असेल तर तीन महिनेही जातात. ही मुदत उलटूनही संध्याकाळी घोटा सुजणे, जिना उतरताना कळ येणे, सपाट रस्त्यावरही पाय अचानक लचकणे अशा तक्रारी राहिल्या, तर दुखापत रेंगाळली असे समजतात.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन अस्थिबंध असतात. त्यांतला पुढचा सर्वांत कमकुवत असल्याने बहुधा तोच आधी जातो. पाऊल खाली झुकलेले असताना त्याच्यावर सर्वाधिक ताण येतो. म्हणून गडावरून घसाऱ्याच्या वाटेने उतरताना, जिन्याची शेवटची पायरी चुकल्यावर किंवा कबड्डीत उडी मारून दुसऱ्याच्या पायावर पाय पडल्यावर हाच अस्थिबंध जातो. फाटलेल्या जागी नवे तंतू भरतात, पण आधी ते अस्ताव्यस्त असतात. माफक ताण मिळत गेला तरच ते ओळीने बसतात आणि मजबूत होतात. याला कित्येक महिने, कधी वर्षही लागते. दुखणे त्याच्या कितीतरी आधी थांबते आणि माणूस बरा झालो असे धरून चालतो. बहुतेक घोटे इथेच फसतात.

अस्थिबंधात पावलाच्या स्थितीची खबर मज्जासंस्थेला देणारी संवेदी टोके असतात. त्यांनाही इजा होत असावी आणि म्हणून पाय दगा देत असावा, असे ब्रिटिश अस्थिशल्यतज्ज्ञ एम. ए. आर. फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये मांडले व डगमगत्या फळीवर तोल सांभाळण्याचा व्यायाम सुचवला. त्यांच्या उपपत्तीवर पुढे वाद झाले, व्यायाम मात्र टिकला. तोलाच्या सरावाने पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण घटते, हे नंतरच्या अनेक चाचण्यांत दिसले आहे. घरी अंदाज घ्यायचा तर भिंतीजवळ उभे राहून आधी फक्त चांगल्या आणि मग फक्त दुखऱ्या पायावर उभे राहावे, जमल्यास डोळे मिटून. दुखऱ्या बाजूला पाऊल थरथरते, बोटे जमीन घट्ट पकडू पाहतात आणि हात लगेच भिंतीकडे जातो. दुखत नसले तरी काम अपुरे आहे, एवढे त्यावरून कळते.

सुरुवातीच्या उपचारांबद्दलचे मत बदलत गेले आहे. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केली. पुढे बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने भरून येणे लांबू शकते, असे त्यांनीच म्हटले. आज बर्फ दुखणे कमी करण्यापुरता चालतो, आणि पहिल्या काही दिवसांनंतर सोसवेल तितका भार पायावर देण्यावर भर असतो. आपल्याकडे आंबेहळदीचा गरम लेप आणि चोळून घेणे हे हमखास उपाय. लेपाने बरे वाटत असेल तर हरकत नाही, मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांत गरम शेक टाळावा. ताजा घोटा कुणाला जोरात चोळू किंवा ओढू देणे तर निव्वळ धोक्याचे.

रेंगाळलेल्या घोट्याची खरी अडचण रोजच्या व्यवहारात जाणवते. उकिडवे बसण्यासाठी नडगी पावलावर बरीच पुढे झुकावी लागते आणि नेमकी तीच हालचाल आखडलेली असते. त्यामुळे भारतीय बैठकीचे शौचालय काही काळ अवघड जाते. पोटरीला ताण देणे, टाचा उचलणे, रबरी पट्टीला विरोध करत पाऊल बाहेर वळवणे आणि एका पायावर उभे राहून दात घासणे, हे सगळे कंटाळवाणे असले तरी उपयोगी आहे. आधी मुरगळलेल्या घोट्याला खेळताना आधारपट्टा लावल्यास पुन्हा मुरगळण्याचा धोका कमी होतो. पट्ट्याने स्नायू दुबळे होतात ही भीती अनेकांना असते. व्यायाम चालू असेल तर ती बाळगण्याचे कारण नाही.

नेटाने व्यायाम करूनही सुधारणा नसेल तर निदान पुन्हा तपासावे. घोट्याच्या हाडावरील कूर्चेची इजा, बाहेरच्या बाजूच्या स्नायुरज्जूची चीर, नडगीची दोन हाडे बांधणाऱ्या वरच्या अस्थिबंधांची दुखापत किंवा नजरेतून सुटलेला अस्थिभंग यांपैकी काही निघू शकते. करंगळीच्या रेषेतील पाऊलहाडाच्या तळाशी झालेला अस्थिभंग मुरगळीसारखाच भासतो. ब्रिटिश अस्थिशल्यतज्ज्ञ सर रॉबर्ट जोन्स यांनी १९०२ मध्ये वर्णन केलेल्या अशा अस्थिभंगांत त्यांचा स्वतःचाही होता, नाचताना झालेला. क्ष-किरण चित्र कोणाचे काढावे यासाठी १९९२ मध्ये कॅनडात ‘ओटावा नियम’ तयार झाले : घोट्याजवळ दुखत असून त्याच्या हाडांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यास दुखणे, अथवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता न येणे.

शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. स्वीडनच्या लेनार्ट ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ मध्ये सैल अस्थिबंध आखडून शिवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९८० मध्ये शल्यतज्ज्ञ गूल्ड यांनी तिला शेजारच्या ऊतींची जोड दिली आणि ती आजही प्रमाण मानली जाते. शस्त्रक्रियेनंतरही तोलाचे तेच व्यायाम करावे लागतात आणि खेळाडू साधारणपणे काही महिन्यांनीच मैदानावर परततात.