बर्फातला रविवार कुठून आला?

दिवाळीचा फराळ संपत आला की त्सुकुबात दोन गोष्टी सुरू होतात. डोंगराकडून ‘त्सुकुबा ओरोशी’ नावाचा कोरडा, बोचरा वारा वाहू लागतो आणि आपल्या मंडळींच्या गप्पांत एक प्रश्न डोकावतो : यंदा बर्फात कधी जायचे? कोणी गाडीला हिवाळी टायर लावून घेतो, कोणी आपल्या मुलांना लहान झालेले स्कीचे बूट दुसऱ्या घरी पोहोचवतो. मग जानेवारीतल्या एखाद्या शनिवारी पहाटे पाचला थर्मासात चहा, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, मागच्या सीटवर पेंगुळलेली मुले, अशी स्वारी निघते.

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांचा जन्म इथलाच आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. पण अशा सहलीला तीन गोष्टी लागतात : साधन, वाट आणि सवड. या तिन्ही गोष्टी सामान्य माणसाच्या हाती येण्यामागे मोठा इतिहास आहे आणि त्यातला एक धागा थेट मुंबईच्या गिरणगावापर्यंत जातो. तो इतिहास आज सांगावासा वाटतो.

आधी थोडा भूगोल. आपल्याला बर्फासाठी एवढ्या लांब का जावे लागते? महाराष्ट्र डोळ्यांसमोर आणा. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, कोकणात धो धो पाऊस पडतो आणि घाटमाथा ओलांडला की देशावर कोरडे पडते. जपानात हिवाळ्यात अगदी हेच घडते. सायबेरियाचा थंड वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो आणि मधल्या डोंगररांगांना धडकून सगळा बर्फ पलीकडच्या निइगाता-नागानोच्या बाजूला टाकतो. डोंगर ओलांडून आपल्याकडे उतरतो तो फक्त कोरडा वारा आणि लख्ख ऊन. थोडक्यात, युझावा हे बर्फाचे कोकण आणि आपण त्सुकुबाकर देशावरचे.

आता साधनाची गोष्ट. तिची सुरुवात खेळात नाही, एका शोकांतिकेत आहे. जानेवारी १९०२ मध्ये आओमोरीच्या पायदळाची एक तुकडी हाक्कोदा पर्वतात हिवाळी सरावाला गेली. हिमवादळात वाट चुकली. २१० पैकी १९९ जण मरण पावले. खोल बर्फात माणसाने हालचाल कशी करायची, हा प्रश्न जपानी सैन्याला त्यानंतर टाळता येईना.

१९१० च्या अखेरीस ऑस्ट्रिया-हंगेरीचा एक मेजर, थिओडोर फॉन लेर्ख, जपानी सैन्याचा अभ्यास करायला इथे आला. रशियाला हरवणारे हे सैन्य आहे तरी कसे, हे त्याला पाहायचे होते. त्याला ताकादा गावी पाठवण्यात आले. हे गाव आज निइगाता प्रांतातल्या जोएत्सु शहराचा भाग आहे. तिथे बर्फ इतका पडतो की घरांच्या पुढच्या बाजूला रस्त्यालगत छप्पर काढून चालायला आडोसा केलेला असतो. त्याला ‘गांगी’ म्हणतात. १२ जानेवारी १९११ रोजी लेर्खने तिथल्या ५८ व्या पायदळ रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांना स्कीचे पहिले धडे दिले. आजच्यासारख्या दोन काठ्या तेव्हा नव्हत्या, एकच लांब काठी दोन्ही हातांनी धरायची. आपल्याकडे संक्रांतीच्या आधी जी १२ जानेवारी येते, तो इथे ‘स्की दिन’ मानतात तो यामुळेच. लेर्ख आता निइगाता प्रांताचे गमतीदार बाहुले-चित्रही झाला आहे. उंच, मिशाळ ‘लेर्ख-सान’ मुलांनी पाहिला असेल.

ताकादाचा सेनापती नागाओका गाइशी हाही एक अवलिया. त्याच्या मिशा लेर्खच्या मिशांपेक्षा कितीतरी मोठ्या. हे साधन सैन्यापुरते ठेवू नये, असे त्याला वाटले. बर्फाळ मुलखातल्या लोकांना हिवाळ्याचे महिने घरात कोंडून काढावे लागत. त्यांनाही याचा उपयोग व्हावा म्हणून त्याने गावातल्या लोकांना आणि अधिकाऱ्यांच्या पत्नींनाही स्की शिकायला प्रोत्साहन दिले. मरणाच्या भीतीने आणलेली वस्तू अशी हळूहळू आनंदाची झाली. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर शिगा कोगेनला लिफ्ट बसली तीही अमेरिकन सैन्याच्या करमणुकीसाठी, आणि कालांतराने तीही सामान्यांची झाली.

दुसरी गोष्ट वाटेची. मुंबई-पुण्याच्या मधला बोरघाट रेल्वेने १८६३ मध्ये जोडला आणि देश-कोकणातले अंतर बदलून गेले. तोक्यो आणि निइगाता यांच्यामधला तसाच घाट शिमिझु बोगद्याने फोडला. ९.७ किलोमीटरचा हा बोगदा १ सप्टेंबर १९३१ रोजी खुला झाला. त्याआधी नागानोच्या बाजूने वळसा घालावा लागे. तो वाचल्यामुळे जवळजवळ शंभर किलोमीटर कमी झाले. यासुनारी कावाबाता यांची ‘युकिगुनी’ ही कादंबरी या बोगद्यापलीकडच्या युझावातच घडते. कावाबातांना १९६८ मध्ये नोबेल मिळाले. शक्य झाल्यास ही कादंबरी वाचून मग युझावाला जा, प्रवासाची चव वेगळी लागते.

नोव्हेंबर १९८२ मध्ये जोएत्सु शिनकानसेन सुरू झाली, तिच्यासाठी २२ किलोमीटरचा आणखी एक बोगदा खणला गेला. डिसेंबर १९९० मध्ये गाला युझावा उघडले. तिथे शिनकानसेनचे स्थानक हेच स्की केंद्राचे दार आहे. आपल्या त्सुकुबाकरांसाठी मात्र खरी सोय नंतर झाली. २४ ऑगस्ट २००५ रोजी त्सुकुबा एक्स्प्रेस धावू लागली आणि आकिहाबारा ४५ मिनिटांवर आले. १९ मार्च २०११ रोजी, महाभूकंपानंतर अवघ्या आठ दिवसांनी, किता-कांतो द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि इबाराकीहून गुन्माच्या डोंगरात जायला तोक्योच्या गर्दीत शिरण्याची गरज संपली. आज तुम्ही दिवसाउजेडी जाऊन रात्री घरी परत येता, ते या रस्त्यांच्या जिवावर.

साधन आले, वाट आली. पण सवड? तिचा इतिहास मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि तो दोन ठिकाणी सांगावा लागतो : एक जपानात, दुसरा मुंबईत.

जपानात पूर्वी आठवडा पाळण्याची पद्धत रूढ नव्हती. मेइजी काळाच्या आरंभी सरकारी नोकरांना १ आणि ६ आकडा असलेल्या तारखांना सुट्टी असे. एप्रिल १८७६ पासून रविवारची सुट्टी आणि शनिवारी अर्धा दिवस काम असे ठरले. हा निर्णय सरकारने वरून घेतला. अर्ध्या शनिवारला लोक ‘हान्दोन’ म्हणत. त्यातला ‘दोन’ हा रविवार या अर्थाच्या डच शब्दावरून आला असे मानतात.

मुंबईत हीच गोष्ट खालून वर आली. गिरणी कामगार उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत राबत आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक कार्यकर्ते, ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक. त्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केलेली होती. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अशा साध्या मागण्या होत्या. गिरणीमालक बधले नाहीत. लोखंडे सहा वर्षे मागे लागले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. शेवटी १० जून १८९० रोजी मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, त्यामुळे कामगारांच्या घरी त्या दिवसाला आधीपासून मान होताच. आता तो घरच्यांसोबत काढायला मिळाला.

लोखंडे १८९७ मध्ये वारले. २००५ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. योगायोग असा की त्याच वर्षी त्सुकुबाला रेल्वे आली. पण इथे वाढलेल्या आपल्या किती मुलांना त्यांचे नाव माहीत आहे? रविवारी उशिरापर्यंत लोळणाऱ्या प्रत्येक मराठी घरात ते माहीत असायला हवे.

जपानातला शनिवार मात्र खूप उशिरा मोकळा झाला. त्सुकुबा हे विज्ञाननगर वसवण्याचे सरकारने १९६३ मध्ये ठरवले, विद्यापीठ १९७३ मध्ये स्थापन झाले, एक्स्पो १९८५ मध्ये भरला. म्हणजे नगर वसले, मोठे झाले, तरी शनिवार पुरता आपला नव्हता. सरकारी कार्यालयांना पूर्ण पाच दिवसांचा आठवडा मिळाला तो मे १९९२ मध्ये. शाळांचा शनिवार त्यानंतर टप्प्याटप्प्याने सुटला : सप्टेंबर १९९२ पासून महिन्यातला एक, १९९५ पासून दोन, आणि एप्रिल २००२ पासून सगळे. आई-वडील आणि मुले या सर्वांना एकाच वेळी दोन दिवस मोकळे मिळण्याची गोष्ट त्सुकुबात एवढी अलीकडची आहे.

त्या काळात स्कीची लाट जोरात होती. १९८७ च्या ‘वाताशी ओ स्की नि त्सुरेतेत्ते’ या चित्रपटाने तरुणांना वेड लावले. १९९३ च्या सुमारास जपानात स्की करणाऱ्यांची संख्या पावणेदोन कोटींच्या पुढे गेली होती. त्याच वर्षी चिबातल्या फुनाबाशीला भर वस्तीत, छपराखाली, बारमाही बर्फाचा उतार उभा राहिला. २००२ मध्ये तो बंद पडला. आज त्या जागी आयकियाचे दुकान आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरातले कपाट एका मोडलेल्या स्की केंद्राच्या जागेवरून आलेले आहे! स्की करणाऱ्यांची संख्या आता त्या शिखराच्या पाव हिश्शाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आली आहे. अनेक लहान केंद्रे कायमची बंद झाली. म्हणजे साधन आणि वाट मिळाली तरी ती आपोआप टिकत नाहीत, लोक गेले तरच टिकतात.

सवडीचेही तसेच आहे. आपल्या पहिल्या पिढीतले बरेच जण संशोधनासाठी इथे आले. एक-दोन वर्षांचे कंत्राट, पुढचे नक्की नाही, मग रविवारीही प्रयोगशाळेतला दिवा चालू. ही अडचण खरी आहे, मी तिला हसत नाही. पण एक हिशेब मांडून पाहा. मूल पाच वर्षांचे झाले की बर्फावर उभे राहते. चौदाव्या-पंधराव्या वर्षी हायस्कूलच्या प्रवेश परीक्षेची जुकू सुरू झाली की त्याचे शनिवार-रविवार जातात. मधे उरतात नऊ हिवाळे. दरवर्षी दोनदा गेलात तरी अठरा सहली. त्यातून सर्दी-ताप, शाळेचे कार्यक्रम आणि भारतवारी वजा करा. लोखंड्यांनी सहा वर्षे झगडून मिळवलेली वस्तू आपण इतकी थोडी वापरतो.

आणि सहल म्हणजे स्कीच हवी असेही नाही. आजी-आजोबा महिनाभरासाठी आले असतील तर त्यांना उतारावर उभे करण्याचा हट्ट नको. नातवंडे सोरीवरून घसरत खाली येताना पाहणे आणि नंतर ओन्सेनच्या गरम पाण्यात पाय सोडणे त्यांना पुरते. बर्फापर्यंत जाणे जमत नसेल तर आपल्याच प्रांतात दाइगोचा फुकुरोदा धबधबा आहे. १२० मीटर उंचीचा हा धबधबा कडाक्याच्या थंडीत गोठतो. फेब्रुवारीत त्सुकुबा डोंगराच्या उतारावर उमे फुलतो. १९२५ मध्ये सुरू झालेल्या केबल कारने वर गेलात तर ८७७ मीटर उंचीच्या शिखराजवळ पोहोचता. आपल्याकडे थंडीत शहरातली मंडळी हुरड्यासाठी शेतावर जातात, त्यातही हुरडा निमित्तालाच असतो.

मितोचा काइराकुएन तर मुद्दाम दाखवावा असा. १८४२ मध्ये मितोचा अधिपती तोकुगावा नारिआकी याने ही बाग केली. आज तिथे उमेची सुमारे तीन हजार झाडे आहेत. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने कोदोकान ही विद्याशाळा उघडली होती. शाळा अभ्यासासाठी, बाग विश्रांतीसाठी, असा जोडीचा विचार त्यामागे होता. बागेच्या नावाचा अर्थ ‘सर्वांसमवेत आनंद घेणे’ असा आहे आणि सामान्य लोकांनाही ती खुली होती. तलवारीच्या काळातल्या एका सरंजामदाराला जे कळले, ते विज्ञाननगरात राहणाऱ्या आपल्याला कळायला अवघड नसावे.

तेव्हा पहिल्या पिढीच्या मित्रांनो, जानेवारीतला दुसरा सोमवार हा सुट्टीचा असतो आणि तो संक्रांतीच्या आगेमागे येतो. हे तीन दिवस आजच कॅलेंडरवर राखून ठेवा. आणि दुसऱ्या पिढीच्या मुलांनो, तुम्ही आई-बाबांपेक्षा चांगले स्की करता हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी त्यांच्यासाठी एखादी फेरी सोप्या उतारावरून करा. लिफ्टच्या खुर्चीत शेजारी बसाल तेव्हा त्यांना लोखंड्यांची गोष्ट सांगा. वर पोहोचेपर्यंत पुरेल एवढी ती आहे. तिळगूळ खिशात ठेवा, थंडीत वड्या छान टणक राहतात.