मुळशीच्या धरणाची किंमत

बुलढाणा जिल्ह्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं सोनाळा हें गांव आहे. त्याच्या जवळून वान नदी डोंगरांतून खालीं उतरते. वारी-भैरवगडाजवळ तिला बांध घातलेला आहे, आणि अडविलेलें पाणी पूर्णेच्या खोऱ्यांतच, म्हणजे नदी ज्या बाजूस वाहत होती त्याच बाजूस, शेतांना व गांवांना मिळतें. वऱ्हाडांतील वाचकाच्या मनांत धरण म्हटलें कीं हेंच चित्र उभें राहतें. सह्याद्रींत विजेसाठीं बांधलेल्या धरणांचा प्रकार निराळा आहे. तेथें पूर्ववाहिनी नदी अडवून तिचें पाणी बोगद्यांतून पश्चिमेच्या कड्याखालीं लोटतात. त्या पतनाच्या जोरावर चक्रें फिरतात, आणि काम संपलेलें पाणी कोंकणांतून समुद्रास मिळतें. नदी आपल्याच खोऱ्यास पारखी होते.

टाटांच्या कंपन्यांनीं खोपोलीचें वीजगृह १९१५ सालीं व भिवपुरीचें १९२२ सालीं चालू केलें. मुंबईच्या गिरण्यांची कोळशावांचून सोय झाली, हा लाभ कांहीं खोटा नव्हे. तिसरें धरण नीला व मुळा यांच्या संगमाजवळ, मुळशीस योजलें गेलें. आंबेमोहोर भाताबद्दल नांवाजलेलें तें मावळचें खोरें; सुमारें पन्नास गांवांच्या जमिनींवर पाणी चढणार होतें. याची पहिली वर्दी शेतकऱ्यांस मिळाली ती आपल्या शेतांत विचारल्यावांचून खणलेल्या चाचणीच्या खड्ड्यांवरून! पुढें १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारनें या जमिनी कंपनीसाठीं ताब्यांत घेतल्या.

१६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. कायदेशीर हक्कावर न विसंबतां लोकांशीं विचारविनिमय करावा, अशी विनंति गांधीजींनीं ‘यंग इंडिया’तून टाटांस केली. काम कांहीं महिने थांबलें, आणि डिसेंबरांत पुन्हां सुरू झालें. पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्यानें दिली. १९२४ च्या अखेरीस कामावरील आगगाडी अडविल्याबद्दल त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली. हा भाग बहुतेकांस ठाऊक असतो. त्यांत शौर्य आहे, आणि शौर्याची कथा आपणांस सांगावयास आवडते.

न आवडणारा भाग राजेंद्र व्होरा यांनीं आपल्या ग्रंथांत उलगडून दाखविला आहे. मावळांतील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेली किंवा त्यांच्या नांवें लागलेली होती. कायदा भरपाई देणार ती कागदावरील धन्यास. सावकारास बुडणाऱ्या शेताचे रोख पैसे मिळत होते. चांगला भाव मिळाल्यास त्याची तक्रार कसली? जो पिढ्यान्‌पिढ्या तेथें भात लावीत आला, तें कूळ मात्र हिशेबांतच नव्हतें. ज्या पुण्यानें सत्याग्रहास पुढारी दिले, त्याच पुण्यांतील पांढरपेशांची कपाटें त्या भरपाईनें भरलीं. मुळशीचा पराभव केवळ सरकारच्या बळानें झाला असें मला वाटत नाहीं. तो आपल्या वर्गाच्या खतावण्यांतही झालेला आहे.

भिऱ्याचें वीजगृह १९२७ सालीं चालू झालें. स्वराज्यांत कोयनेच्या वेळीं कंपनीच्या जागीं सरकार आलें, परंतु रीत तीच राहिली: पूर्वेचें पाणी पश्चिमेस, आणि खोऱ्यांतील माणसें देशोधडीस. कोयनेच्या पुष्कळ विस्थापितांचे प्रश्न पुढें दशकानुदशकें लोंबकळत राहिले. तेथें निसर्गानेंही आपला जमाखर्च मांडला. जलाशय भरूं लागल्यावर लहान धक्के जाणवूं लागले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे झालेल्या भूकंपांत दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. पाण्याच्या भारानें व झिरपण्यानें भूकंपास चालना मिळते, याचें उदाहरण म्हणून भूशास्त्रज्ञ जगभर कोयनेचें नांव घेतात.

जमीन नांवावर नसतांही तिच्यावर पोट भरणारीं कुळें व मजूर यांस बाधित कुटुंबें म्हणून मोजणारा कायदा २०१३ सालीं झाला. मुळशीच्या सत्याग्रहास तेव्हां ब्याण्णव वर्षें झालीं होतीं.

त्या खोऱ्याचें पाणी आज भिऱ्याखालीं कुंडलिकेंत उतरतें. तें सोडण्याची वेळ साधून शहरांतील हौशी मंडळी कोलाडजवळ त्या प्रवाहांत रबरी होड्या घालतात.