मालाला हात कोण लावणार?

दुकानाच्या मांडणीवरून दुकानदार गिऱ्हाइकाला काय समजतो ते कळतं. माझी पिढी वाण्याच्या दुकानात वाढली. माल काउंटरच्या पलीकडे, आपण अलीकडे. आपण यादी वाचायची, वाण्याने पुडी बांधायची. तांदूळ हातात घेऊन पाहायचा, तर आधी विचारायचं.

ही रचना १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस शहरात मोडली. क्लॅरेन्स सॉन्डर्सने 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं. आत शिरताना फिरतं फाटक, हातात टोपली, सगळ्या रॅकपुढून नेणारी एकच वाट आणि शेवटी पैसे. या मांडणीचं त्याने १९१७ साली पेटंटही घेतलं. नोकर कमी लागले, आणि यादीत नसलेल्या वस्तूही टोपलीत पडू लागल्या.

मुंबईत या बदलाची वाट सहकारातून गेली. १९४८ साली नायगावात कामगारांच्या ग्राहक संस्थेतून 'अपना बाजार' उभं राहिलं. १९६८ साली 'सहकारी भंडार' आलं. ते दिवस टंचाईचे आणि भेसळीचे होते. मला आठवणाऱ्या शाखांत सजावट अशी नव्हतीच. लोखंडी रॅक, ट्यूबलाइट, पिशव्यांत बांधलेल्या डाळी आणि पिशवीवर छापलेलं वजन नि भाव. पण गिरणगावातल्या बाईला त्या छापील आकड्यांचाच आधार होता. वजनात मारलं जाणार नाही, एवढी खात्री तिला पुरेशी होती.

१९८२ च्या संपानंतर गिरणगाव मोडलं. पुढे लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात 'बिग बझार' आलं. किशोर बियाणींनी ही साखळी २००१ मध्ये सुरू केली होती. त्यांच्या लक्षात आलं होतं, की चकचकीत, मोकळ्या, शांत दुकानात साधा माणूस बिचकतो. हे आपल्यासाठी नाही, असं त्याला वाटतं. म्हणून त्यांनी अरुंद, वळणाच्या वाटा ठेवल्या, धान्य हात घालून पाहता येईल असं उघडं मांडलं. तिथला गोंगाट ठरवून केलेला होता.

२००२ मध्ये पवईत पहिलं 'डी-मार्ट' उघडलं. त्याचे संस्थापक राधाकिशन दमाणी यांनी त्याआधी नेरुळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवली होती. डी-मार्टमधला साधेपणा पाहिला की मला ते नातं दिसतं. शोभेवर खर्च नाही, जागा शक्यतो स्वतःची, आणि वाचलेले पैसे भाव उतरवायला. फरक एवढाच, की सहकारी दुकानात सभासद मालकही असे. इथे तो फक्त गिऱ्हाईक आहे.

आता मी राहतो त्या माहुलबद्दल. कोळ्यांचं हे जुनं गाव १९५० च्या दशकापासून तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी आहे. पुढे इथे प्रकल्पग्रस्तांसाठी इमारतींची वसाहत झाली. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडल्या, तेव्हा तिथली कुटुंबंही इकडे पाठवली गेली. तळमजल्यावरच्या दुकानांना लोखंडी जाळी आहे. जाळीला शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, आतून बाहेर येणारा एक हात, आणि मागणी अशी: दहा रुपयांचं तेल, पाव किलो साखर.

सुपरमार्केटची मांडणी महिन्याचा पगार आणि भरलेली ट्रॉली गृहीत धरते. मोठ्या पिशवीमागे पैसे वाचतात, पण रोजंदारीच्या घरात मोठ्या पिशवीपुरते पैसे एका दिवशी हातात नसतात. त्या घराला लागते ती गल्ल्याखालची उधारीची वही. आमच्या इमारतीतल्या एका काकूंचं जुन्या वस्तीत वीस वर्षं खातं होतं. इथे आल्यावर त्यांना कोणी ओळखत नव्हतं. नव्या वहीत नाव लागायला दोन वर्षं गेली. तोवर नवरा आजारी पडला की त्या दिवशी घरात डाळ नसे.

पुनर्वसनात घराचे चौरस फूट मोजतात. ही वही मात्र कुठल्या रकान्यात बसत नाही.