शिकारी संघटना (महाराष्ट्र)

शिकारीचे हक्क व नियम ठरविणे आणि शिकारयोग्य प्राण्यांचे रक्षण करणे यांसाठी शिकाऱ्यांनी स्थापिलेल्या संस्था. जर्मनी, फ्रान्स इ. देशांत त्यांना राष्ट्रीय स्वरूप आले. भारतात हे कार्य मुख्यतः प्रांतिक संस्थांकडे राहिले. १८७७ मध्ये स्थापन झालेली नीलगिरी गेम असोसिएशन ही त्यांतील आद्य संस्था असून तिच्यामुळेच नीलगिरी ताहर हा प्राणी नामशेष होण्यापासून वाचला असे मानतात. १९५१ मध्ये ग. वा. मावळंकर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे क्षेत्र शिकार नसून नेमबाजीचा खेळ हे होते.

महाराष्ट्रापुरते पाहता सर्वांत महत्त्वाची संस्था बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही होय. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी ती स्थापन केली. त्यांत आत्माराम पांडुरंग व सखाराम अर्जुन हे दोन डॉक्टर होते. पहिले प्रार्थनासमाजाचे संस्थापक, तर दुसरे वनस्पतिशास्त्राचे व्यासंगी. संस्था शिकाऱ्यांची नव्हती. परंतु तिच्या सभासदांत बंदूक बाळगणारे लष्करी व मुलकी अधिकारी पुष्कळ होते आणि १८८६ पासून निघू लागलेल्या तिच्या नियतकालिकात शास्त्रीय लेखांच्या जोडीला शिकारीच्या टिपणांनाही मोठे स्थान असे. १९११ मध्ये तिने सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, तिचा प्रारंभ खानदेशातून झाला व पुढे वऱ्हाडातही नमुने गोळा करण्यात आले. मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण कायद्यामागेही संस्थेचा अनुभव होता. शिकारीचे परवाने, बंदीचा हंगाम आणि अभयारण्ये यांची व्यवस्था या कायद्याने केली.

या साऱ्या नियमांत शिकारी म्हणजे बंदूक व परवाना बाळगणारा मनुष्य, असे गृहीत धरलेले होते. मराठवाड्याच्या उघड्या माळांवर हे गृहीत लागू पडत नव्हते. खेळणा व पूर्णा या नद्यांच्या संगमावरील जाफराबाद हे गाव पूर्वी निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. १ मे १९८१ पासून ते जालना जिल्ह्यात आहे. शेते आणि पडीक माळ अशा मुलखात काळवीट, ससे, तित्तर व लावे हीच मुख्य शिकार. ती करणारे पारधी बंदुकीवर नव्हे, तर फाशांवर व जाळ्यांवर विसंबत. काही पारधी शिकविलेल्या गाईच्या वा बैलाच्या आडून सावजाजवळ जात. पक्षी विकून धान्य मिळविणे हा त्यांचा चरितार्थ होता, छंद नव्हे. त्यांचा मागमूस काढण्याचा अनुभव साहेबी शिकाऱ्यांनी आनंदाने वापरला. त्यांना संघटनेचे सभासद करून घेण्याचा प्रश्न मात्र कोणाच्या मनात आला नसावा. उलट, इंग्रजी राजवटीत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली येणाऱ्या जमातींत पारध्यांचीही गणना झाली. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी संशय ओसरला नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात पीकसंरक्षणासाठी दिलेल्या बंदुका, जीपगाड्या व रात्रीचे प्रखर दिवे यांमुळे माळावरील काळविटे झपाट्याने घटली. हा दोष फाशांवर टाकणे अन्यायाचे ठरेल. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली व परदेशी पाहुण्यांना शिकारसफरी घडविणाऱ्या कंपन्यांचा धंदा बसला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने काळविटाला पहिल्या अनुसूचीत घातले. त्यात परवान्यांचे चार प्रकार होते. त्यांतील तीन शिकारीचे असून चौथा वन्य प्राणी सापळ्यात पकडण्याचा होता. कागदोपत्री हा चौथा परवाना पारध्यांना उपयोगी पडू शकला असता. परंतु अर्ज, शुल्क व नोंदवही यांची सवय नसलेल्या भटक्या कुटुंबाला तो मिळविणे सोपे नव्हते. १९९१ च्या दुरुस्तीने हे चारही परवाने रद्द झाले आणि संघटित शिकारीचा काळ संपला.

काळविटांचे कळप काही माळांवर पुन्हा दिसू लागले, तसा पिकांच्या नासाडीचा प्रश्नही उभा राहिला. रानडुक्कर व नीलगाय यांबाबत तो अधिक तीव्र आहे. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची अनुसूची वगळली. मात्र ठराविक क्षेत्रात व ठराविक मुदतीपुरता काही प्राण्यांना उपद्रवी ठरविण्याचा केंद्राचा अधिकार कायम आहे. परंपरागत शिकारीच्या हक्काची सवलत या अधिनियमात केवळ निकोबार बेटांतील अनुसूचित जमातींना आहे. पारध्यांना ती नाही.