आकुंचणारी शहरे व नागरी सेवा

लोकसंख्या, रोजगार आणि करदाते यांना दीर्घकाळ ओहोटी लागलेल्या शहरास आकुंचणारे शहर म्हणतात. अमेरिकेतील डेट्रॉइटची वस्ती १९५० मध्ये सुमारे १८.५ लाख होती. २०१० पर्यंत ती ७.१४ लाखांवर आली आणि २०१३ मध्ये नगर प्रशासनाने दिवाळखोरीचा अर्ज केला. माणसे गेली तरी जलवाहिन्या, गटारे व रस्ते आखूड होत नाहीत आणि त्यांच्या देखभालीचा स्थिर खर्च, म्हणजे ग्राहक घटले तरी न घटणारा खर्च, उरलेल्या घरांवर पडतो, ही या प्रश्नाची मेख होय.

वऱ्हाडातील अकोला काटेकोर अर्थाने आकुंचलेले नाही. तेथील लोकसंख्या २००१ मध्ये ४,००,५२० आणि २०११ मध्ये ४,२५,८१७ होती. दशकातील ही वाढ जेमतेम ६.३ टक्के, तर अमरावतीत ती सुमारे १८ टक्के होती. तथापि एवढ्यावरून शहर थबकले असे मानणे चुकीचे ठरते, कारण मलकापूर, उमरी, खडकी, शिवणी अशा लगतच्या गावांत शेते मोडून प्लॉट पडत होते आणि तेथे राहणारे शहराच्या बाजारपेठेत व दवाखान्यांत येत असले तरी घरपट्टी ग्रामपंचायतीत भरत होते. २०१६ च्या हद्दवाढीत अशी २४ गावे महानगरपालिकेत आली आणि सुमारे २८ चौ. किमी.चे क्षेत्र १२४ चौ. किमी.च्या घरात गेले.

मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावरील जुने शहर, म्हणजे असदगड किल्ला व राजराजेश्वर मंदिराभोवतीची वस्ती, या विस्ताराच्या दुसऱ्या टोकाला आहे. रेल्वे स्थानक व सरकारी कचेऱ्या पूर्व तीरावर झाल्याने शहराचा भार ब्रिटिश काळातच पलीकडे सरकला होता. दाट वस्तीमुळे येथे थोड्या लांबीच्या नळावर पुष्कळ घरे असतात, त्यामुळे सेवा देण्यास हाच भाग स्वस्त. विरळ हद्दवाढ क्षेत्रात तेवढ्याच घरांसाठी कितीतरी लांब नळ टाकावे लागतात. शहराचे पाणी महान येथील काटेपूर्णा धरणातून येते. उत्तरेकडे पूर्णाखोऱ्याचा खारपाणपट्टा, म्हणजे भूजल खारट असलेला प्रदेश, पसरलेला असल्याने बोअर हा तिकडे भरवशाचा पर्याय नाही. जलकुंभावरील व्हॉल्व्ह फिरवून पाळीपाळीने नळ सोडले की घरोघरी ड्रम भरले जातात, टिल्लू पंप, म्हणजे नळातून पाणी खेचणारे छोटे पंप, लागतात, आणि रित्या झालेल्या जुन्या वाहिन्यांत फटींतून गढूळ पाणी ओढले जाते.

शाळांचे गणितही अशाच स्थिर खर्चाचे आहे. संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या पद्धतीत, पट घसरला की पदे कमी होतात. इमारत मात्र तेवढीच राहते.

वाढ हद्दीबाहेर झाल्यामुळे ‘शहर वाढले की घटले’ यापेक्षा ‘हद्द कोठे आखली’ हा प्रश्न अकोल्यात अधिक निर्णायक आहे. २०११ च्या ४,२५,८१७ या आकड्यात ती २४ गावे धरलेली नाहीत, आणि २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही.