जुनी सायकल आणि जुना पुरावा

जुनी वस्तु विकत घेणें आणि जुना इतिहास लिहिणें, या दोन्ही व्यवहारांत माणूस एकाच वाटेनें फसतो: वस्तु पाहण्यापूर्वींच तो तिची कहाणी विकत घेतो. सोलापूर जिल्ह्यांतील मैंदर्गी येथें एका घरीं जुनी रॅले सायकल पाहावयास गेलों असतां याचा आम्हांस प्रत्यय आला. घरच्या वृद्ध बाई म्हणाल्या, “वडिलांनीं १९३८ सालीं घेतलेली. अस्सल विलायती आहे.”

हा ‘विलायती’ शब्दच आधीं तपासला पाहिजे. जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन चाकांची, चेनवर चालणारी सायकल इंग्लंडांत स्टार्लीनें १८८५ सालीं पुढें आणली. १८८८ सालीं डनलॉपनें हवेचा टायर काढला. त्याच सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बेळगांवच्या सायकल-दुकानाचा आरंभ झाल्याचें सांगतात. ते मुंबईहून सायकली पाठवीत व बंधु रामूअण्णा त्या विकीत. तो सारा माल विलायती. परंतु स्वातंत्र्यानंतर मद्रासेस १९४९ सालीं स्थापन झालेली टी. आय. सायकल्स कंपनी हर्क्युलीस, तर आसनसोलास सेन-रॅले कंपनी रॅले, या नांवांच्या गाड्या येथेंच बनवूं लागली. तेव्हां इंग्रजी नांव हा इंग्रजी जन्माचा पुरावा नव्हे.

म्हणून नांवाची पट्टी सोडून आम्हीं फ्रेम पाहिली. हँडलखालच्या नळीस मागील दोन नळ्या मिळतात तेथें रंगास सुरकुती किंवा पत्र्यास फुगवटा असला, तर गाडी जोरानें आदळलेली समजावी. तसें कांहीं नव्हतें. मागें उभें राहून पाहतां दोन्ही चाकें एका रेषेंत दिसलीं. चेनच्या चोवीस कड्या नव्या असतां बारा इंच भरतात. येथें अष्टमांश इंच अधिक भरल्या, म्हणजे चेन झिजलेली. पण चेन, टायर आणि रंग बाजारांत मिळतात. त्या काळची सरळ फ्रेम मिळत नाहीं. बगळ्यांच्या डोक्यांची नक्षी असलेलें रॅलेचें चेनव्हीलहि शाबूत होतें. जुन्या गाडीचें मोल ठरतें तें अशा न बदलतां येणाऱ्या भागांवर.

मागच्या चाकांतील स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबावर मात्र ‘५२’ हा अंक होता. ती कंपनी हबावर वर्ष कोरीत असे. मग १९३८ खोटें काय? घासाघीस करण्यास याहून सोपें हत्यार नव्हतें. पण हबावरील अंक हबाचें वय सांगतो, फ्रेमचें नव्हे. आम्हीं तो बाईंस मोकळेपणानें दाखविला. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, “मागचें चाक एकदां बैलगाडीखालीं गेलें होतें. साल आठवत नाहीं.” त्यांस जें आठवत नव्हतें, त्याचा अर्धा ठाव हबानें दिला.

१९३८ हें साल तरीहि सिद्ध झालें नाहीं. म्हणून त्या सालाची किंमत आम्हीं दिली नाहीं. परंतु चालू स्थितींतील तो हब व ती सरळ फ्रेम यांचें मोल बाईंनीं धरलेंच नव्हतें. तें मिळवितां रक्कम मागितल्याहून अधिकच झाली, आणि तीच आम्हीं दिली. दोघांच्या सौद्यांत ज्याला वस्तु वाचतां येते, त्यानें ती मोठ्यानें वाचली पाहिजे.